गुडघा बरा वाटतो तेव्हा लिगामेंट बरं झालेलं नसतं

एसीएलच्या, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका लिगामेंटच्या ऑपरेशननंतर सगळ्यात जपायचा काळ कोणता, असं कुणालाही विचारा. बहुतेक जण म्हणतील, पहिला आठवडा. टाके ताजे असतात, गुडघा टम्म सुजलेला असतो, कुबड्या घेतल्याशिवाय बाथरूमपर्यंतही जाता येत नाही, त्यामुळे हे उत्तर पटतंही. पण नव्याने बसवलेलं लिगामेंट सगळ्यात कमजोर होतं ते साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. माणूस जिना चढू लागतो, कामावर जाऊ लागतो आणि आता फिजिओथेरपीचा खर्च कशाला, असं घरात सगळ्यांनाच वाटू लागतं. उत्तम झालेली कितीतरी ऑपरेशनं या टप्प्यावर वाया जातात, आणि दोष मात्र सर्जनला किंवा नशिबाला दिला जातो. असं का होतं हे एकदा नीट कळलं, की पुढच्या नऊ महिन्यांत काय करायचं आणि काय टाळायचं याचा उलगडा बराचसा होतो.

नेमकं काय तुटतं

गुडघ्यात मांडीचं हाड नडगीच्या हाडावर टेकलेलं असतं. वरच्या हाडाचं टोक गोलसर, खालच्याचा माथा जवळजवळ सपाट. नुसत्या हाडांच्या भरवशावर हा सांधा उभाच राहिला नसता. त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार मुख्य अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. दोन सांध्याच्या बाजूंना असतात, आणि दोन आत मधोमध, एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे. आतल्या दोघांपैकी पुढचा तो अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट, बोलण्यात एसीएल. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, रुंदी एक सेंटिमीटरच्या आसपास. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि पाय जमिनीत रोवलेला असताना गुडघा पिळवटू न देणं, ही त्याची दोन कामं.

सरळ रेषेत चालताना त्याच्यावर फारसा भार येत नाही. म्हणून तर एसीएल पूर्ण तुटलेली माणसं महिनाभराने चालत बाजारात जातात, दुकानात उभी राहतात आणि लचक भरली होती, बरी झाली, असं समजतात. मग एक दिवस रस्ता ओलांडताना कुणी हाक मारतं, ती वळतात आणि गुडघा सटकतो. तुटलेल्या एसीएलची खरी तक्रार दुखण्यापेक्षा ही सटकण्याची असते. ‘पायावर विश्वास राहिला नाही’ असं रुग्ण सांगतात, आणि डॉक्टरला यापेक्षा नेमकं लक्षण क्वचितच ऐकायला मिळतं.

तुटतं कसं? कबड्डीत चढाईहून परत फिरताना, खो-खोत खांबाला वळसा घेताना, बॅडमिंटनमध्ये उडी मारून एका पायावर उतरताना, फुटबॉलमध्ये धावता धावता अचानक दिशा बदलताना. खेळातल्या साधारण ७० टक्के प्रसंगांत गुडघ्याला कुणाचा थेट धक्का लागलेला नसतो. पाऊल जमिनीत रुतलेलं असतं, शरीर वळतं आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. सेकंदाच्या काही शतांशांत काम आटोपतं. आपल्याकडे याला दुचाकीची जोड आहे. गाडी स्लिप होते, चालवणारा तोल सावरायला पाय खाली टेकवतो आणि सगळ्या गाडीचं वजन त्या गुडघ्याला पिळून काढतं. त्यामुळे आयुष्यात कधी मैदानावर न गेलेली माणसंही या दुखापतीसाठी ऑर्थोपेडिक ओपीडीत बसलेली दिसतात.

मुलींना हा धोका जास्त असतो, आणि थोडाथोडका नाही. त्याच खेळात, तितकाच वेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्यात एसीएल तुटण्याचं प्रमाण कित्येक अभ्यासांत दुप्पट किंवा त्याहून अधिक आढळलं आहे. कंबर आणि गुडघ्याची रचना, उडीवरून उतरण्याची पद्धत, संप्रेरकं अशी कारणं सांगितली जातात. पण मुलींना ताकदीचे व्यायाम शिकवलेच जात नाहीत, हेही एक कारण आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे.

पहिले दोन दिवस

बऱ्याच जणांना तुटण्याच्या क्षणी ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो किंवा जाणवतो. दोनचार तासांत गुडघा फुगतो. ही सूज बहुधा आत साचलेल्या रक्ताची असते, कारण लिगामेंटबरोबर त्यातल्या रक्तवाहिन्याही फाटतात. दुखापतीनंतर काही तासांतच गुडघा भरून आला तर आत काहीतरी मोठं फाटलं आहे असंच धरून चालावं.

आणि इथेच आपल्याकडे पहिली गडबड होते. तेल लावून मालिश, गरम शेक, गावात हाडवैद्य असेल तर त्याच्याकडून गुडघा ‘बसवून घेणं’. ताज्या दुखापतीत मालिश आणि शेक यांनी रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात, आणि ओढाताणीत दोन हाडांच्या मधली शाबूत राहिलेली गादीही फाटू शकते. पहिल्या दोन दिवसांत पाय उंच ठेवणं, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावणं, क्रेप बँडेज आणि कुबड्या, इतकंच पुरे.

दुसरी गडबड एक्स-रेची. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, काही झालेलं नाही’ हे वाक्य ऐकून कित्येक जण घरी जातात. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. एसीएल तुटलंय का हे अनुभवी हात लॅकमन टेस्टने ओळखतात. गुडघा थोडा वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहायची. आत अडवणारं काही उरलेलं नसेल तर हाताला ते कळतं. एमआरआय त्यानंतर काढतात, खात्रीसाठी, आणि त्याहून जास्त गादीची अवस्था पाहण्यासाठी. गादी म्हणजे मेनिस्कस, दोन हाडांच्या मधली चंद्रकोरीच्या आकाराची कुर्चा. एसीएलबरोबर तीही फाटलेली असणं अगदी नेहमीचं आहे, आणि पुढचे बरेचसे निर्णय तिच्यावर ठरतात. फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नसेल तर मात्र थांबायचं नाही, लगेच सर्जन गाठायचा.

आपोआप का जुळत नाही

गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, एकटंच फाटलं तर बहुतेक वेळा ब्रेस लावून सहा-आठ आठवड्यांत जुळतं. मग एसीएल का नाही? कारण ते सांध्याच्या पोटात आहे. कुठलीही जखम भरते ती आधी रक्ताची गुठळी धरून. त्या गुठळीत पेशी शिरतात, नवीन ऊती तयार होते. एसीएलभोवती सांध्यातला द्रव सतत फिरत असतो, त्यामुळे तिथे गुठळी टिकत नाही. तुटलेली दोन टोकं एकमेकांपासून दूर आक्रसतात आणि तशीच राहतात.

मग टाके घालून टोकं शिवून टाकावीत, हा विचार फार जुना आहे. इंग्लंडमधल्या लीड्सला मेयो रॉबसन या सर्जनने १८९५ मध्ये एका खाण कामगाराची दोन्ही क्रुशिएट लिगामेंट शिवली होती. पुढे अनेक दशकं शिवण्याचे प्रयत्न होत राहिले, पण काही वर्षांत शिवलेलं लिगामेंट निकामी होतं असं बऱ्याच रुग्णांत दिसलं. १९१७ मध्ये अर्नेस्ट हे-ग्रोव्ह्ज या सर्जनांनी वेगळी वाट धरली. शिवायचं सोडून त्यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी घेऊन नवं लिगामेंट घडवलं. आज जगभर होतं ते मुख्यतः हेच, पुनर्रचना. फक्त आता दुर्बिणीतून आणि कितीतरी नेमकेपणाने.

काही एसीएल आपसूक जुळतात असं अलीकडच्या एमआरआय अभ्यासांत दिसलं आहे. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० रुग्णांचा गुडघा दुखापतीनंतर लवकरात लवकर ९० अंशांत वाकवून चार आठवडे ब्रेसमध्ये ठेवला आणि मग हळूहळू मोकळा केला. तीन महिन्यांनी ९० टक्के रुग्णांच्या एमआरआयवर जुळण्याची चिन्हं दिसली. बातमी आशेची आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, काहींचं लिगामेंट पुन्हा तुटलं, आणि इतके दिवस पाय वाकवून ठेवला की रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. घरी बसून करून पाहायचा हा प्रयोग नव्हे.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं का

नाही. आणि हे मोकळेपणाने सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. स्वीडनमधला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२१ तरुण, खेळणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी पद्धतशीर व्यायाम आणि गरज वाटली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था सारखीच होती. व्यायामाच्या गटातल्या सुमारे ६० टक्के लोकांना तोवर ऑपरेशनची गरजच पडली नव्हती. पाच वर्षांनी हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आलं, म्हणजे काहींनी उशिरा ऑपरेशन करून घेतलं, पण तेव्हाही दोन गटांत मोठा फरक नव्हता.

म्हणून एमआरआयच्या कागदावर ‘कम्प्लीट टिअर’ छापून आलं, एवढ्यावर तारीख ठरवू नये. तीन महिने प्रामाणिक व्यायाम करूनही गुडघा सटकत असेल, वळणं-उड्या असलेला खेळ पुन्हा खेळायचा असेल, पोलीस भरती किंवा सैन्याची तयारी असेल, शिडीवर-डोंगरावर काम असेल, शिवण्याजोगी फाटलेली गादी सोबत असेल, तर ऑपरेशनकडे पारडं झुकतं. ज्यांचं आयुष्य चालणं, सायकल, पोहणं यांत आहे आणि गुडघा सटकत नाही, ते ऑपरेशनशिवाय उत्तम राहू शकतात. मात्र सटकणारा गुडघा घेऊन वर्षानुवर्षं रेटत राहणं सर्वांत वाईट, कारण प्रत्येक सटकण्यात गादी आणि हाडावरची कुर्चा थोडी थोडी झिजते, आणि ती कुर्चा परत येत नाही.

ऑपरेशन ठरलंच तर घाईही नको. सुजलेल्या, गरम, सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर नंतर तो आखडण्याची शक्यता वाढते. आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ आणि बराचसा वाकता करायचा, मांडीचा पुढचा स्नायू जागा करायचा. याला काही आठवडे लागतात. ते वाया जात नाहीत, कारण ऑपरेशनला जाताना मांडीत जितकी ताकद असते तितका पुढचा प्रवास सोपा होतो.

ऑपरेशन टेबलावर

बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात. दोन छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं आत जातात. जुन्या लिगामेंटचे अवशेष साफ करतात, गादी पाहतात, जमली तर शिवतात. मग मांडीच्या आणि नडगीच्या हाडात, एसीएल मुळात जिथे चिकटलेलं होतं त्या जागी, एकेक बोगदा पाडतात. नवं लिगामेंट, म्हणजे ग्राफ्ट, त्या बोगद्यांतून ओढून घेतात आणि दोन्ही टोकांना धातूचं छोटं बटन किंवा स्क्रू लावून ताणून बसवतात. काही स्क्रू पुढे शरीरात विरघळतात, काही कायम राहतात. राहिलेले सहसा त्रास देत नाहीत. सगळं मिळून तासाभराचं, फार तर दोन तासांचं काम. दुसऱ्या दिवशी वॉकर किंवा कुबड्या घेऊन उभं करतात.

ग्राफ्ट कुठून येतो? बहुतेक वेळा तुमच्याच शरीरातून. याबद्दल सर्जनशी आधी बोलणं आवश्यक आहे, कारण आपण जमिनीवर बसणारी माणसं आहोत.

आपल्याकडे सर्वांत जास्त वापरतात ते हॅमस्ट्रिंगचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाशी बांधणारे दोर, मांडीच्या मागून गुडघ्याच्या आतल्या बाजूला येणारे. एक किंवा दोन टेंडन काढून, चार पदरी दुमडून आठ-नऊ मिलिमीटर जाडीचा ग्राफ्ट करतात. पुढून दुखणं कमी, पण टाच नितंबाकडे ओढण्याची ताकद थोडी कमी राहते. दुसरा पर्याय वाटीखालच्या टेंडनची मधली पट्टी, दोन्ही टोकांना हाडाचा छोटा तुकडा ठेवून. हाडाशी हाड लवकर जुळतं आणि तरुण खेळाडूंत हा ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण थोडं कमी दिसतं. पण गुडघे टेकताना पुढे दुखत राहू शकतं. जो रोज देवापुढे गुडघे टेकतो, नमाज पढतो, फरशी पुसतो, शेतात गुडघ्यावर बसून खुरपतो किंवा टाइल्स बसवतो, त्याने हे आधी सांगायलाच हवं. तिसरा मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्सच्या टेंडनचा, ज्याचा वापर अलीकडे वाढतो आहे. भारतात घोट्याच्या बाहेरून जाणारं पेरोनियस लाँगस हे टेंडनही बरेच सर्जन घेतात. मांडीला हात लागत नाही हा त्याचा फायदा. सर्वांत चांगला असा एकच ग्राफ्ट नाही. तुमचं वय, खेळ, काम आणि सर्जनचा हात ज्यावर बसला आहे तो ग्राफ्ट, यांचा मेळ पाहायचा.

खूप तरुण, वळणांचे खेळ खेळणारे, गुडघा फारच ढिला असलेले, अशांना काही सर्जन सांध्याच्या बाहेरूनही एक पट्टी जोडून देतात. कॅनडा आणि युरोपातल्या रुग्णालयांत झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जोडीमुळे हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचं प्रमाण दोन वर्षांत ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं.

आत काय चाललेलं असतं

ग्राफ्ट बसवला तेव्हा तो मेलेला असतो. मूळ जागेहून कापून काढला त्या क्षणी त्याचा रक्तपुरवठा तुटला. ऑपरेशनच्या दिवशी तो मजबूत असतो, कारण टेंडनचे धागे शाबूत असतात. पण पुढच्या आठवड्यांत त्यातल्या जुन्या पेशी मरतात आणि धागे सैल पडतात. मग सांध्याच्या आवरणातून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नव्या पेशी येतात. वेलीसाठी मांडव घालावा तसा हा ग्राफ्ट असतो. त्याच्या आधाराने शरीर आपलं स्वतःचं लिगामेंट वाढवत नेतं. जुनं मोडतंय आणि नवं अजून धरलेलं नाही, असा मधला काळ म्हणजे साधारण सहावा ते बारावा आठवडा. बोगद्यातल्या हाडाशी टेंडन घट्ट धरायलाही आठ ते बारा आठवडे लागतात. त्यापुढची बांधणी वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ चालू राहते.

यातलं काहीही जाणवत नाही. ग्राफ्ट काढताना त्याच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे तो ताणला गेला तरी दुखून सांगू शकत नाही. सूज आणि टाके यांचं दुखणं महिन्या-दीड महिन्यात संपतं आणि माणूस म्हणतो, आता काही दुखत नाही, मी बरा झालो. दुखणं हे मोजमाप या दुखापतीत पहिल्या काही आठवड्यांपुरतंच उपयोगाचं आहे. त्यानंतर मोजायची ती ताकद, तोल आणि लोटलेले महिने.

व्यायाम, क्रमाने आणि पूर्ण

पहिल्या दोन आठवड्यांचं सगळ्यात मोठं काम एकच, गुडघा पूर्ण सरळ करणं. वाकवणं पुढेही जमतं. सरळ होणं राहून गेलं तर नंतर ते मिळवणं फार कठीण जातं आणि माणूस आयुष्यभर किंचित लंगडतो. इथे घरातलं प्रेम आड येतं. आई गुडघ्याखाली उशी सारते, कारण वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं. ती उशी काढून टाचेखाली ठेवायची, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होत जातो. दुखतं, पण हे दुखणं चालतं.

दुसरं काम मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स. गुडघ्यात सूज असली की मेंदू या स्नायूला आदेश देणंच कमी करतो. रुग्ण मनापासून प्रयत्न करतो आणि मांडी हलत नाही. घरच्यांना वाटतं, हा आळस करतोय. तो आळस नसतो, गुडघ्याला वाचवण्याची शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असते. म्हणून सुरुवातीला गुडघ्यामागे टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं, पाय सरळ ठेवून उचलणं, गरज पडली तर विजेच्या यंत्राने स्नायूला चेतवणं, हे सगळं करतात. दोन आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. ती परत भरायला महिने लागतात.

दोन आठवड्यांपर्यंत ९० अंश आणि सहा आठवड्यांपर्यंत १२० अंशांच्या पुढे वाकणं ही साधारण अपेक्षा. न लंगडता चालता आलं की कुबड्या सुटतात. तारीख पाहून सोडायच्या नसतात. गादी शिवलेली असेल तर वेळापत्रक बदलतं. सुरुवातीचे काही आठवडे ९० अंशांच्या पुढे वाकवू देत नाहीत आणि वजन टाकण्यावरही बंधन येऊ शकतं. शेजारच्याचं ऑपरेशन तुमच्याच दिवशी झालं आणि तो तुमच्या आधी चालायला लागला, म्हणून खट्टू होऊ नका. त्याची गादी शाबूत असेल.

जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास यांची घाई करू नये. काही महिने घरात कमोड किंवा कमोडची खुर्ची लागते हे ऑपरेशनच्या आधीच लक्षात घ्यावं. गावी जाऊन विश्रांती घ्यायचा बेत असेल तर विशेष करून. दुचाकीचंही तसंच. चालवता येणं वेगळं आणि खड्ड्यात गाडी कलली तर त्या पायावर तोलता येणं वेगळं. किक मारणं तर दूरच.

तिसऱ्या महिन्यापर्यंत स्थिर सायकल, अर्ध्या बैठका, पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल. नेमक्या याच टप्प्यावर लोक येणं बंद करतात. ‘डॉक्टर, आता सगळं जमतंय, मग व्यायाम कशाला?’ असं विचारणाऱ्या माणसाच्या दोन्ही मांड्यांची ताकद यंत्रावर मोजली तर ऑपरेशनचा पाय बहुधा बराच मागे असतो. चालायला तेवढी पुरते, वळायला पुरत नाही. फिजिओकडे रोज जाणं परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा, पंधरा दिवसांतून एकदा जा, पण व्यायाम बदलून घेत राहा. पहिल्या महिन्याचा कागद पाचव्या महिन्यात करत बसलेल्या माणसाची ताकद वाढत नाही. चौथ्या महिन्याच्या सुमाराला, ताकद आणि तोल पुरेसे असतील तर, हलकं धावणं. मग दोन पायांवर उडी, एका पायावर उडी, उतरणं, आणि सहाव्या महिन्यापुढे दिशा बदलणं.

मैदानावर परत

कॅलेंडर आणि चाचण्या, दोन्ही लागतात. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की वळणांच्या खेळांत परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवावं तितकी पुन्हा दुखापतीची शक्यता कमी होते. दर महिन्यामागे जवळजवळ निम्म्याने. नऊ महिने झाले तरी ऑपरेशनच्या पायाची ताकद आणि एका पायावरच्या उडीचं अंतर चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के असावं लागतं. उडीच्या चाचणीला टेपपट्टी आणि मोकळी जागा लागते, फार काही नाही. ज्या तालुक्यात यंत्र नाही तिथेही उड्या मोजता येतात.

विनेश फोगट यांचं उदाहरण सगळ्यांना आठवतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन, एप्रिल २०२४ मध्ये बिश्केकला ऑलिम्पिकची पात्रता, आणि ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये जपानच्या युई सुसाकीवर विजय. मन भरून यावं अशीच ती जिद्द आहे. पण आखाड्यातल्या सतरा वर्षांच्या मुलाने तिथून आठ महिन्यांचा आकडा उचलू नये. त्यांच्यामागे पूर्ण वेळ फिजिओ होते, वर्षानुवर्षं कमावलेलं शरीर होतं, आणि दिवसभर दुसरं काम नव्हतं. उचलायचा तर रोजचा नेम उचलावा.

सगळे परततात असंही नाही. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ८१ टक्के लोक कुठल्या तरी खेळात परतलेले दिसले, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीवर, आणि स्पर्धात्मक खेळात फक्त ५५ टक्के. मागे राहिलेल्या कित्येकांचा गुडघा ठीक असतो, भीती गेलेली नसते. मैदानावर पाय रोवायची वेळ आली की मन मागे खेचतं. प्रशिक्षकाने ‘घाबरतोस काय’ म्हणून हिणवलं की भीती दबते, जात नाही. तिच्याबद्दल मोकळं बोलू द्यावं, आणि तीच हालचाल आधी सावकाश, मग वेगात, मग समोर माणूस ठेवून, अशी पायरीपायरीने करून घ्यावी.

काय बिघडू शकतं

पोटरी दुखणं-सुजणं किंवा अचानक धाप लागणं हे रक्ताच्या गुठळीचं लक्षण असू शकतं. ताबडतोब रुग्णालय गाठावं. ताप, गुडघा लाल-गरम होणं, टाक्यांतून पू येणं, हे जंतुसंसर्गाचं. क्वचितच होतो, पण झाला तर एक दिवसही थांबू नये. नडगीच्या वरच्या भागात, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला, तळहाताएवढा भाग बधिर वाटतो. तो त्वचेच्या नसेमुळे. बऱ्याच जणांत हळूहळू कमी होतो आणि चालण्यावर त्याचा परिणाम होत नाही. गुडघा सरळ होता होता पुन्हा अडायला लागला तर आत ग्राफ्टच्या पुढे गाठीसारखी ऊती वाढलेली असू शकते, दुर्बिणीतून ती काढता येते. आणि एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवी. एसीएल तुटलेल्या गुडघ्यात पुढे संधिवात होण्याची शक्यता वाढते, आणि ऑपरेशन केल्याने ती पुसली जात नाही. वजन आटोक्यात आणि मांडी ताकदवान, हे दोन उपाय आयुष्यभराचे.

पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानावर परततात त्यांच्यातल्या जवळजवळ चौघांत एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, आणि त्यात दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याचाही नंबर लागतो. म्हणून परतल्यावर व्यायाम बंद करायचे नसतात, दोन्ही पायांचे चालू ठेवायचे असतात. फुटबॉलसाठी ‘फिफा ११+’ नावाचा सरावाआधीचा कार्यक्रम आहे, वीस मिनिटांचा, आठवड्यातून निदान दोनदा करायचा. हलकं धावणं, पोटाची आणि मांडीमागची ताकद, एका पायावरचा तोल, उडीवरून नीट उतरणं, दिशा बदलणं; साहित्य म्हणून फार तर एक चेंडू. अशा सरावाने मुलींमधल्या एसीएलच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्याचं दिसलं आहे. कबड्डी आणि खो-खोच्या मंडळांना यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं घेता येईल. सुरुवात करायला प्रशिक्षकाने पोरांना पायरीवरून खाली उडी मारायला सांगावी आणि समोर उभं राहून त्यांचे गुडघे पाहावेत. उतरताना जे आत वळतात, त्यांच्या नावापुढे खूण करावी आणि त्यांना आधी शिकवावं.